एक खूण जास्त

भोसरी, पुणे
५ जुलै २०२५

प्रति,
श्री. ज्ञानोबा खंडाळे
चिटणीस, माळेवाडी मंडळी, ता. लोहारा

आदरणीय ज्ञानोबा काका,

सलाम. मला जे कळलं आहे ते क्रमानं लिहिते.

१. रविवार, २२ जून रोजी उपासनेनंतर पंच कमिटीची सभा झाली. पाच पंच, पाळक साहेब आणि चिटणीस म्हणून तुम्ही हजर होता.

२. माझ्या आत्या केशरबाई योहान सरवदे (वय ७२) यांचं नाव पूर्ण सभासदांच्या यादीतून कमी करण्याचा ठराव झाला.

३. कारण असं दिलं आहे: सलग तीन वर्षं प्रभुभोजन (भाकर आणि प्याला) घेतलं नाही, नियम १४.

४. रविवार, २९ जून रोजी ठराव चर्चच्या दारावर लावला. खाली सही तुमची आहे. आत्यांच्या शेजारच्या भाग्यश्रीनं मला त्याचा फोटो पाठवला. आत्यांनी स्वतः काहीच कळवलं नाही.

५. जुनी नोंदवही फाटायला आली म्हणून गेल्या डिसेंबरात ती संगणकावर मीच उतरवली. जानेवारी २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या काळात दर तीन महिन्यांनी एकदा, असं बारा वेळा प्रभुभोजन झालं. बाराही रकान्यांत आत्यांच्या नावापुढं खूण होती. प्रत्येक पानाचा फोटो माझ्याकडे आहे.

६. बारा वेळा प्रभुभोजन घेतलेल्या बाईनं तीन वर्षं ते घेतलं नाही, हे शक्य नाही. वही किंवा ठराव, दोन्हींपैकी एक खोटं आहे.

७. आक्षेप घेण्याची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत आहे.

नाव गेलं की वार्षिक सभेतलं मत जातं, आणि दफनभूमीतली जागाही. आत्यांचे यजमान योहान मामा तिथं आहेत. शेजारची जागा आत्यांसाठी ठेवलेली आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

डिसेंबरनंतर वही तुमच्याच कपाटात होती. त्या बारा खुणा कुणी खोडल्या, एवढंच मला विचारायचं आहे. मी आरोप करत नाही. पंधरा तारखेपर्यंत कळवावं.

निकिता बलभीम वाघमारे


माळेवाडी
१२ जुलै २०२५

चि. निकिता मॅडम (असंच लिहायला पाहिजे, असं आपलं पत्र आहे),

प्रभूमध्ये सलाम.

आपला मेमो मिळाला. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळं मेमोला उत्तर कसं द्यायचं ते विसरलेलो नाही.

खुणा कुणी खोडलेल्या नाहीत. वही कपाटात आहे आणि बाराही खुणा जागच्या जागी आहेत. गावात आल्यावर भिंग घेऊन बघा.

ठराव झाला हे खरं. सही माझी हेही खरं. ठराव नियमाला धरून आहे, हे तिसरं खरं. या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कशा बसतात, ते मी लिहून देणार नाही. जिचं नाव गेलं तिला विचारा. ती काय ते सांगेल, नाहीतर सांगणार नाही.

नियम १४ आपण वाचला असेलच. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्यांना ही अट लागू नाही. म्हणून सांगतो. आपली शेवटची खूण जानेवारी २०१९ ची आहे. आपलं नाव यादीत शाबूत आहे. जी बाई दर शनिवारी चर्च झाडते, रविवारी बाजाची पेटी वाजवते, तिचं गेलं. गाडीत बसलेल्याला प्रवासी म्हणायचं की तिकीट काढलेल्याला, हे मला बत्तीस वर्षांत ठरवता आलं नाही. नियमाला मात्र लगेच ठरवता येतं.

पप्पांना सलाम सांगा. घेणार नाहीत, तरी सांगा.

ज्ञानोबा खंडाळे


भोसरी, पुणे
१६ जुलै २०२५

प्रिय आत्या,

सलाम. फोनवर विचारलं असतं, पण तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं भाग्यश्रीच्या घरातल्या सगळ्यांना. म्हणून लिहिते.

ठरावाचं मला कळलं आहे. तुमच्याकडून कळायला हवं होतं.

ज्ञानोबा काकांना मी विचारलं. त्यांचं उत्तर मला पटलेलं नाही. खुणा आहेत म्हणतात आणि ठरावही बरोबर म्हणतात. माझं काम मोजमापाची उपकरणं तपासण्याचं आहे. दाब मोजणारे दोन मीटर एकाच टाकीवर वेगळे आकडे दाखवत असतील, तर दोन्ही बरोबर असं आम्हाला लिहिता येत नाही. एक तरी बिघडलेला असतो, किंवा कुणीतरी हात लावलेला असतो.

म्हणून सरळ विचारते. जानेवारी २०२२ पासून तुम्ही प्रभुभोजन घेतलं आहे की नाही?

घेतलं असेल तर मी आक्षेप दाखल करते. वहीचे फोटो जोडले की काम होईल. पाळक साहेबांना तुळजापूरहून एकदा यावं लागेल, इतकंच.

पप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं नाव निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. पण २०२१ मध्ये त्यांचं स्वतःचं नाव यादीतून गेलं, तेव्हा ते जे म्हणाले होते ते मला आठवतं. "ज्ञानोबानं काढलं. नोंदवही ज्याच्या हातात, मंडळी त्याच्या बापाची." तेव्हा मला वाटलं होतं की पप्पा रागात आहेत. आता एकाच घरातलं दुसरं नाव गेलं आहे. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची आहे.

गोळ्या वेळेवर घेता का? डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी झाली का? याचंही उत्तर लिहा.

तुमची,
निकिता


माळेवाडी
२४ जुलै २०२५

निकिता बाळ,

तुझं पत्र आलं. आधी दवाखान्याचा रिपोर्ट आला असं वाटलं. सोनोग्राफी झाली, लोहाऱ्याला जाऊन आले. जीपमध्ये चौदा माणसं नि दोन शेळ्या होत्या. काळजाला काही झालं असेल तर ते जाताना नाही, येताना झालं.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगते. नाही घेतलं. तीन वर्षांच्या वर झालं. म्हणून आक्षेप घेऊ नकोस.

बावीस जूनला मला सभेत बोलावलं होतं. पाळक बनसोडे साहेब नवीन आहेत, दोनच वर्षं झाली. नाव सिद्धाराम नि काम येशूचं, सोलापूरकडं असंच असतं. माणूस वाईट नाही, पण मास्तरसारखा बोटं मोजत बोलतो.

म्हणाले, "केशरबाई, आपण प्रभुभोजन घेता का?"

मी म्हटलं, "साहेब, देणारे तुम्ही. तुम्हाला ठाऊक न्हाय?"

इंद्रजित पंच होऊन वर्ष झालं नाही, तो खाली बघून हसला. साहेब म्हणाले, "वहीत दर वेळी खूण आहे."

"वही मी लिहीत न्हाय."

"मग घेता की नाही?"

"न्हाय घेत. लिहा."

ज्ञानोबा मध्येच बोलला, "केशर, जरा दमानं घे. बाजाच्या पेटीवर असती, लोक संपेपर्यंत वाजवती, शेवटी राहून जातं. साहेब, राहून गेलं असं लिहू."

मी म्हटलं, "राहून जायला ते काय कुकर हाय व्हय, शिट्टी विसरायला? न्हाय घेत म्हणते ना. लिव्ह."

त्यानं लिहिलं. सही जरा वाकडी आली. तू फोटोत बघितलीच असशील.

का घेत नाही ते विचारू नकोस. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याकडं जाऊन समेट करायचा, मग वेदीपाशी यायचं, हे तुला रविवारच्या शाळेत मीच पाठ करून घेतलं होतं. शास्त्रात भाऊ म्हटलंय म्हणजे कुणीही माणूस आला. माझा एका माणसाशी समेट झालेला नाही. म्हणून मी उठत नाही. गाणं संपेपर्यंत वाजवते, मग पेटी मिटते. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पेटी वाजवणाऱ्या बाईकडं कुणी बघत नसतं, आवाज थांबला तरच बघतात.

नाव गेल्याचं मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. ठराव लावला त्या दिवशी दारातून आत जाताना पाय अडखळला. धुरपदाबाई मागून म्हणाली, "का गं, आता तिकीट काढावं लागतंय काय?" मी म्हटलं, "तू काढ, तू लवकर जायची." मग दोघी हसलो. शनिवारी झाडायला गेलेच. झाडायला यादीत नाव लागत नाही.

ज्ञानोबाला त्रास देऊ नकोस. तो जसा दिसतो तसा नाही, इतकंच सांगते.

बापाची तब्येत कशी आहे ते लिहिलं नाहीस.

तुझी आत्या
केशर


भोसरी, पुणे
२९ जुलै २०२५

आदरणीय ज्ञानोबा काका,

आत्यांचं उत्तर आलं. त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही, हे त्या स्वतः कबूल करतात. वहीत बारा खुणा आहेत, हे तुम्ही कबूल करता. म्हणजे खुणा खोडल्या हा माझा तर्क चुकला. खुणा खोट्या आहेत.

मग पुढचा प्रश्न येतो. त्या कुणी केल्या? वही तुमच्याकडे असते. प्रभुभोजनाच्या वेळी तबक धरून पाळक साहेबांशेजारी तुम्ही उभे असता. कोण पुढं आलं, कोण नाही, हे पाळकांनंतर तुम्हालाच दिसतं. एकदा चूक होऊ शकते. बारा वेळा एकाच नावापुढं होत नाही.

तुम्ही असं का केलं असावं, यावर मी विचार केला. मला जे सुचलं ते स्पष्ट लिहिते, म्हणजे तुम्हाला खोडून काढता येईल.

आत्यांनी मला लिहिलं आहे की त्यांचा एका माणसाशी समेट झालेला नाही. त्यांनी नाव सांगितलं नाही. पण लगेच खाली लिहिलं आहे की तुम्हाला त्रास देऊ नये. जिचं खोटं आपल्याला माहीत आहे अशी व्यक्ती आपल्या मुठीत असते. बारा खोट्या खुणा तुमच्या कपाटात होत्या. हवं तेव्हा त्या उघड करता येणार होत्या. येत्या वार्षिक सभेत चिटणीसपदाची निवड आहे, आणि गेल्या वेळी आत्यांनी तुमच्याविरुद्ध हात वर केला होता.

दुसरं. दफनभूमीत योहान मामांच्या शेजारची जागा ही तुमच्या राजेश्वरी काकूंच्याही शेजारची आहे. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या मोकळ्या जागेवर दोन माणसांना हक्क सांगता येतो. त्यातल्या एका माणसाचं नाव आता यादीत नाही.

तिसरं. २०२१ मध्ये माझ्या वडिलांचं नाव तुमच्या सहीनं कमी झालं. ते पुण्यात दुसऱ्या प्रार्थना हॉलमध्ये जायला लागले होते, पण त्यांनी माळेवाडी सोडल्याचं कधी लिहून दिलं नव्हतं. मी त्यांना विचारून खात्री केली आहे.

एका घरातली दोन नावं, एकच सही. याला मी योगायोग म्हणू शकत नाही.

तुमचं समाधानकारक उत्तर आलं नाही, तर वहीचे बारा फोटो आक्षेपासोबत पाळक साहेबांना पाठवीन आणि या खोट्या नोंदींची चौकशी मागेन.

निकिता वाघमारे


माळेवाडी
६ ऑगस्ट २०२५

निके,

आता मॅडम पुरे. तुला पाळण्यात असल्यापासून बघितलंय. बाप्तिस्म्याच्या वेळी तू पाळकांच्या चष्म्याला हात घातलास, तो चष्मा मीच झेलला होता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा वाटलं, आता सगळं सांगून टाकावं. नाहीतर ही पोरगी मला तुरुंगात पाठवील.

खुणा मी केल्या. बाराच्या बारा. पहिल्या वेळी वाटलं, केशर गाण्याच्या नादात विसरली, पुढच्या वेळी घेईल. खूण केली. दुसऱ्या वेळी तबक तिच्यासमोर धरून उभा राहिलो. तिनं मान वर केली नाही, कडवं पुन्हा सुरू केलं. तेव्हा कळलं. तरी खूण केली. तिसऱ्यांदा सवय झाली. नियम १४ मला पाठ आहे. तीन वर्षं भरली की काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. ती माझ्यावर चिडून हात वर करते म्हणतेस? ती गेल्या वेळी माझ्याविरुद्ध हात वर करून, बाहेर येऊन मला म्हणाली, "तुझं अक्षर वाचता येत न्हाय, म्हणून." एवढंच आमचं वैर.

मग हे उघडं कसं पडलं, ते ऐक. तुला माहीत असायला पाहिजे.

प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे छोटे प्याले पाळकांकडं असतात. चाळीस प्याल्यांचा डबा घेऊन साहेब तुळजापूरहून एसटीनं येतात, मांडीवर धरून. जेवढी माणसं पुढं येतात तेवढे प्याले भरतात. घरी गेल्यावर गरम पाण्यात धुताना वापरलेले मोजतात आणि उपासनेच्या डायरीत आकडा लिहितात. आधीच्या पाळकांचीही तीच रीत होती. माझी वही माळेवाडीत, त्यांची डायरी तुळजापुरात. कधी कुणी दोन्ही शेजारी ठेवल्याच नाहीत. कशाला ठेवतील?

ठेवल्या तू. डिसेंबरात साहेबांनी यादी करायला तुला डायरी पण दिली. आणि तू त्यांना काय लिहून पाठवलंस, ते साहेबांनी बावीस जूनच्या सभेत वाचून दाखवलं. मी ते कागदावर उतरून घेतलंय. असं आहे: "वहीतल्या खुणा दर वेळी प्याल्यांपेक्षा बरोबर एकानं जास्त आहेत. बारा वेळा फरक सारखाच आहे, त्यामुळे ही मोजण्यातली चूक वाटत नाही. एक व्यक्ती घेत नसताना नोंदवली जात असावी. कोण ते पाहावं."

साहेबांनी पाहिलं. जानेवारीत पाहिलं, एप्रिलमध्ये पुन्हा पाहिलं. ते तरी काय करतील? तू लिहिलंस ते खरंच होतं.

आता जागेचं. राजेश्वरीच्या दोन बाजूंना दोन जागा आहेत. भिंतीकडची माझी. दुसरी तुझ्या आत्याची. मला ती कशाला पाहिजे? केशरच्या तोंडाला जिवंतपणी टाळतो तो माणूस मेलेले उठण्याच्या दिवसापर्यंत तिचा शेजार मागेल काय? भिंतीकडं थंड असतं, आपलं बरं आहे.

राहिलं तुझ्या बापाचं नाव. सोबत एका पत्राची झेरॉक्स जोडतोय. हे मी कुणाला दाखवणार नव्हतो. अक्षर तू ओळखशील.

बलभीमला वाटलं मी नाव काढलं. मी वाटू दिलं. माझ्याशी भांडला तर भांडू दे, आम्ही शाळेपासून भांडतोय. बहिणीनं काढलं असं कळलं असतं तर त्याला गावच उरलं नसतं. मला वाटलं वर्षभरात दोघं निवळतील. मग मीच नाव परत घालीन. पण तिनं त्याला बाहेर काढलं आणि मग स्वतःच उठायची थांबली.

साहेब म्हणतात, पाच ऑक्टोबरला पुढचं प्रभुभोजन आहे, कोजागरीच्या गर्दीत तुळजापूरहून गाडी मिळाली तर ते येतील. त्या दिवशी केशर पुढं आली तर कमिटी ठराव आपणहून मागं घेईल. पण ती कशी येईल? ज्याच्याशी समेट करायचा त्याला कशाबद्दल करायचा हेच माहीत नाही.

माझ्या खुणा तू पाठव, हरकत नाही. चिटणीसपद जाईल, डोळेही गेलेच आहेत. पण त्या खुणांवर तिचं नाव राहिलं तर ती स्वतः जाऊन खोडून येईल. तिला ओळखतेस ना?

हे मी सांगितलं असं तिला सांगू नकोस.

ज्ञानोबा काका

(सोबतची झेरॉक्स)

माळेवाडी, ५ डिसेंबर २०२१
चिटणीस साहेब, माळेवाडी मंडळी. सलाम. माझा भाऊ बलभीम याने पुण्यात दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला आहे. काल घरी येऊन तो म्हणाला की आपल्या आईवडिलांचा बाप्तिस्मा म्हणजे नुसता पाण्याचा शिंतोडा होता, ते कधी खरे ख्रिस्ती नव्हतेच. आईला जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत. ज्याला आईबापांची मंडळी खरी वाटत नाही, त्याचे नाव मंडळीत ठेवू नये ही विनंती. त्याला मी दाराबाहेर काढले आहे. तुम्ही यादीबाहेर काढावे. केशरबाई सरवदे.


भोसरी, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

सलाम. ज्ञानोबा काकांनी मला सगळं लिहिलं आहे. ते तुम्हाला सांगू नये अशी त्यांनी विनंती केली होती. ती मी मोडते आहे, कारण या घरात न सांगितलेल्या गोष्टी आधीच खूप झाल्या आहेत. राग माझ्यावर काढा. त्यांची माफी मी वेगळ्या पत्रानं मागितली आहे.

तुमचं ५ डिसेंबर २०२१ चं पत्र माझ्याकडे आहे. पप्पांनी ते पाहिलेलं नाही.

आता माझं. वहीत एक खूण जास्त आहे, हे पाळक साहेबांना मी कळवलं. अशा ओळी मी दिवसातून दहा लिहिते. कुठल्या यंत्राबद्दल लिहिलं ते संध्याकाळी आठवत नाही. पण ही ओळ मी विसरले होते, असं म्हणणं खरं ठरणार नाही. ठरावाचा फोटो पाहिला तेव्हा ती मला आठवली होती. तिचा याच्याशी संबंध असेल, हे मी तपासलं नाही. ज्ञानोबा काकांवर संशय घेणं सोपं होतं. तो घरात तयारच होता.

परवा मी पप्पांना विचारलं, "माळेवाडीच्या यादीत तुमचं नाव परत घालायचं ठरलं तर?"

"ज्ञानोबाला विचार. त्याची वही, त्याचं राज्य."

"तुमच्या हॉलमध्ये आहे का नाव?"

"तिथं यादी नसते. येईल तो आपला."

जेवून हात धुताना म्हणाले, "आईच्या कबरीवर गवत किती वाढलं असेल गं, या दिवसांत?" मी म्हटलं, आत्या दर शनिवारी काढतात. ते म्हणाले, "तिला गुडघ्यावर बसता येतं अजून?" चार वर्षांत तुमच्याबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. आजी-आजोबांबद्दल त्यांनी जे म्हटलं ते बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. त्यांनाही अजून तसं वाटतं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न माझा नाही.

आक्षेपाचा अर्ज मी भरून ठेवला आहे. तुमचं नाव, वय, बाप्तिस्म्याचं साल, सगळं आहे. "कारण" हा रकाना कोरा आहे, तो तुमच्या उत्तरावरून भरीन. बारा खुणांचे फोटो मी जोडणार नाही. ते जोडले तर तुमचं नाव कदाचित राहील, पण तीन वर्षं जे तुम्ही स्वतः सांभाळलं ते मी खोटं पाडल्यासारखं होईल.

माझा एक संशय अजून उरला आहे, तो लिहून टाकते. बावीस जूनला तुम्ही "लिव्ह" म्हणालात, त्याला सगळे प्रामाणिकपणा समजले. मला तसं वाटत नाही. भावाला यादीबाहेर काढलंत, त्याची शिक्षा म्हणून तुम्ही स्वतःलाही बाहेर काढून घेतलंत, असं मला वाटतं. ज्ञानोबा काका तुम्हाला वाचवत होते आणि तुम्हाला वाचायचं नव्हतं. तसं असेल तर माझा आक्षेप कमिटीविरुद्ध नाही, तुमच्याविरुद्ध आहे. दोन माणसं बाहेर राहिल्यानं पहिल्याचं बाहेर राहणं भरून निघत नाही.

पप्पांना तुमचं ते पत्र कळलं पाहिजे. तुम्ही स्वतः त्यांना लिहिता की मी दाखवू, एवढंच ठरवायचं आहे. दोन्ही नको असेल तर तसं लिहा. मग मी दाखवणार नाही, आणि अर्जही पाठवणार नाही. पण उत्तर न देणं हे मी उत्तर धरणार नाही.

अर्ज एकतीस तारखेच्या आत तुळजापूरला पोचायला हवा. टपालाला पाच दिवस धरते.

कृपया शनिवार, २३ ऑगस्टपर्यंत मला तुमचं उत्तर मिळावं.

तुमची,
निकिता